मुठीतलं लिंबू

इंदूकाकूंच्या खाणावळीत कुणाला नाव नव्हतं. माणूस ज्या गावचा, ते गाव हेच त्याचं नाव. "उंब्रज जेवून गेला का?" "औंधाला ताप हाय, त्याला पेज पाठव." "कोरेगावचं लगीन ठरलं, आता कशाला येतोय आपल्याकडं?" नवा माणूस दारात दिसला की पहिला प्रश्न, "गाव कंचं?" एकदा मसूर गावचे दोघं एकाच महिन्यात जेवायला लागले. उंच होता तो 'वरचं मसूर' झाला आणि बुटका 'खालचं मसूर'. ज्या दिवशी ताटात अख्खा मसूर असायचा त्या दिवशी त्या दोघांची काही खैर नसायची.

मी जत. खरं तर माझं गाव जतच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात आम्ही कानडी बोलायचो. गावाचं नाव सांगितलं तेव्हा काकूंनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. "एवढं लांबचं माझ्या तोंडात बसत न्हाई. जतच बरं." नऊ वर्षं मी जतच होते. रेणुका हे नाव आधार कार्डावर तेवढं राहिलं.

माझी शाळा सातवीत सुटली. पाण्याचा टँकर यायची वेळ आणि शाळेची वेळ एकच होती, आणि घरात घागर धरायला मीच होते. पुढं लग्न झालं, तेही शाळेसारखंच मध्येच सुटलं. कुणाच्या तरी ओळखीनं साताऱ्यात भाकरी करायला आले. एसटीतून उतरताना मला भीती होती ती माझ्या हातांची. दोन वर्षांपासून सकाळी उठलं की बोटं सुजलेली असायची, पेरं तांबडी आणि गरम, मूठ वळायची नाही. दहा वाजून गेले की जरा मोकळी व्हायची. भाकरीवालीची बोटं वळत नाहीत हे कळलं तर तिला कोण ठेवणार? आणि मला परत जायला जागा नव्हती.

म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठून तापल्या पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायचे. चौथ्या दिवशी काकूंनी पकडलं. न्हाणीच्या दारात उभ्या राहून त्यांनी एवढंच म्हटलं, "मूठ दाखव."

मी हात मागं घेतला. "काय न्हाई ओ काकू, थंडीनं जरा..."

"मूठ दाखव म्हनते."

दाखवली, वळली तेवढी. त्यांनी भाजीच्या टोपलीतून एक लिंबू आणलं आणि माझ्या मुठीत घातलं. बरोबर बसलं. मग तेच लिंबू काढून स्वतःच्या मुठीत घातलं. तिथंही बसलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "एकाच मापाच्या हाय आपन."

आणि मला घालवून द्यायचं सोडून त्या स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि त्याच बादलीत आपले हात बुडवले.

तेव्हापासून आमचं माप ठरलं. मोसंबं, लिंबू, सुपारी, जोंधळा. मूठ मिटल्यावर आत जेवढी पोकळी उरते तेवढं. रोज चहाच्या आधी काकू विचारायच्या, "जत, आज काय?" मी म्हणायचे, लिंबू. "माझं बी लिंबूच," त्या म्हणायच्या. ढगाळ हवेत दोघींचं मोसंबं. सुपारी क्वचित. जोंधळा आम्ही कधी बघितला नव्हता, मापात असावा म्हणून आपला ठेवलेला. जेवायला येणाऱ्यांना वाटायचं, या दोघी बाजाराची यादी करतात.

जगात मला एवढं जवळचं कुणी नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही माझ्या बोटांची खबर नव्हती.

काकू मूळच्या आष्ट्याच्या, लग्नानं साताऱ्याच्या. अंगानं इतक्या की त्यांच्या स्टुलाला चारऐवजी सहा पाय होते, सुतारानं मुद्दाम बसवून दिलेले. स्वतःच म्हणायच्या, "आष्ट्यात बापाच्या गोठ्यात माझ्याच अंगाची म्हस हुती. ती दूध तरी द्यायची." सगळं स्वयंपाकघर त्या स्टुलाभोवती हाताच्या अंतरावर मांडलेलं. गुडघ्यांना त्यांनी थोरली आणि धाकटी अशी नावं दिली होती, घरात नांदणाऱ्या दोन जावांसारखी. "थोरली रुसलीय आज. धाकटीला पुढं घालून चालते." कोपरांवर कोंड्यासारखे चट्टे होते. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते की कातडीचा आणि सांध्यांचा आजार एकच आहे. माझ्या दुखण्याला तोवर कुणी नाव दिलं नव्हतं. मी औषधाच्या दुकानातून दुखीची गोळी आणायचे आणि घ्यायचे.

खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. काकू भाजी चिरता चिरता त्याच्याकडं बघून म्हणायच्या, "चाळीस वर्षं झाली, मी त्याला बघते, तो मला बघतोय. वाट बघतोय बिचारा, ही कवा येतीय."

वाढण्याच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून आमटी ओतायच्या. माझ्याकडून त्यांनी एकच कानडी शब्द उचलला होता, साकु. म्हणजे पुरे. तो त्यांना शिवीसारखा वाटायचा. कुणी नको म्हटलं की, "साकु म्हनतोय बघ जत, तुज्या गावचा झाला." आमटीची चव त्या डावातून तळहाताच्या खळग्यात घेऊन बघायच्या. मूठ मिटत नव्हती, पण त्या खळग्याला मीठ अचूक कळायचं.

मग सुजाताताई ते पेन घेऊन आली.

सुजाताताई म्हणजे काकूंची लेक, पुण्यात दवाखान्यात नर्स. साखर आणि वजन या दोन्हींसाठी मिरजेच्या डॉक्टरांनी ती सुई लिहून दिली होती. शाईच्या पेनासारखी दिसायची. एका पेनात चार डोस, आठवड्याला एक, दर वेळी टोकाला नवी सुई लावायची. काकूंनी गुरुवार ठरवला, कारण तो त्यांच्या लक्षात राहायचा.

"यात अंडं-बिंडं न्हाई न्हवं?" त्यांनी लेकीला विचारलं. "माझा उपास असतोय गुरवारचा."

"आई, औषध आहे ते."

"औषध हाय ते कळलं. पन सुईनं उपास मोडतोय का?" मग स्वतःच विचार करून निकाल दिला, "तोंडातनं गेलं तर मोडतोय. हे पोटाला बाहेरनं दिलंय. चालतंय."

वापरलेल्या सुया टाकायला लोणच्याची रिकामी बरणी काढली. काकू चौथी शिकलेल्या, म्हणून झाकणावर चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली. 'हात लावू नये.' माझं अक्षर बघून म्हणाल्या, "काय वळणदार हाय गं तुझं. शिकायला पायजे हुतंस." असं मला कुणी म्हटलं की दिवसभर बरं वाटायचं. त्या दिवशीही वाटलं.

दुसऱ्या महिन्यात काकूंची भूक गेली. अर्धी भाकरी खाल्ली की ताट सारायच्या आणि म्हणायच्या, "साकु." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वरचं मसूर जेवता जेवता थांबलं. भुकेबरोबर चवही गेली. एका बुधवारी आमटी इतकी खारट झाली की उंब्रज म्हणाला, "काकू, समुद्र कोकणात हाय, साताऱ्यात कवा आला?" काकू हसल्या, पण दुपारी डाव घेऊन माझ्यासमोर आल्या. तो डाव त्यांनी तीस वर्षांत कुणाच्या हातात दिला नव्हता.

"आजपासनं मीठ तू बघ."

"मी कशी काकू? माझं चुकलं तर?"

"चुकलं तर पानी घाल. माझ्या जिभेला सध्या सगळं कागद लागतंय."

मी तळहात पुढं केला. त्यांनी आमटीचा थेंब खळग्यात घातला. त्या वेळी माझं मन भरून आलं होतं. खोटं सांगत नाही. ते लिहून ठेवते, कारण पुढचं सांगायचं आहे.

चौथ्या महिन्यात एका सकाळी काकूंनी चहाची वाट बघितली नाही. न्हाणीतच आल्या. त्या वेळी मी बादलीत हात घालून एकटी बसलेली असायचे, कारण त्यांना आता बादली लागत नव्हती. "जत, बघ बघ." तळहातावर जोंधळ्याचा एक दाणा होता. त्यांनी मूठ मिटली, पालथी केली, हलवली. दाणा पडला नाही.

"जोंधळा," त्या म्हणाल्या. लहान पोरीसारख्या.

मी हसले. मग कोठीत गेले आणि पिठाच्या डब्यावर डोकं टेकून उभी राहिले. त्या दिवशी माझं मोसंबं होतं.

हेवा कसा असतो ते मला तोवर माहीत नव्हतं. कुणाच्या घराचा, कुणाच्या नवऱ्याचा मला कधी वाटला नव्हता. ते सगळं माझ्यापासून इतकं लांब होतं की तिकडं बघायचंच कारण नव्हतं. पण काकू माझ्या मापाच्या होत्या. एकाच लिंबाच्या. त्या मला बादलीपाशी सोडून उठून गेल्या होत्या. आणि भीती अशी, की ज्या बाईच्या मुठीत जोंधळा बसतो ती लिंबूवालीला किती दिवस सांभाळणार.

त्या रोज संध्याकाळी टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालत जायला लागल्या. लग्नातली अंगठी पुन्हा बोटात गेली. सैल झालेली पोलकी त्यांनी मला दिली, मी ती दुरुस्त न करता पेटीत टाकली. त्या नको म्हणत असताना मी त्यांच्या ताटात तूप जास्त वाढायचे. उंब्रजाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "काकूंचं तोंड किती उतरलंय न्हाई? म्हाताऱ्या दिसाय लागल्या." उंब्रज म्हणायचा, "मला तर सुजाताताईची थोरली भन वाटती." मग मी त्याला शिळी भाकरी वाढायचे.

एका रविवारी त्या अजिंक्यताऱ्यावर गेल्या. "चल की जत," म्हणून दोनदा हाक मारली. मी पीठ मळायचं आहे म्हणाले. पीठ मळून झालं होतं. वरून फोन आला, "आगं, आपली खानावळ दिसतीय, काडेपेटीएवढी. खिडकीत ये, हात कर." मी खिडकीत गेले नाही. फोनमध्ये म्हटलं, "केला."

माझं काहीतरी बिनसलंय, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं होतं. जोंधळ्याच्या त्या सकाळनंतर दुसऱ्याच दिवशी मी लिंबू म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माझं बी लिंबूच आलं गं परत." तिसऱ्या दिवशीही लिंबू. मला वाटलं, गेला गुण. मनातून इतकं हलकं वाटलं की भाकऱ्या गोल आल्या. चौथ्या दिवशी मागच्या दारातून बघितलं तर काकू ओलं फडकं पिळत होत्या. शेवटचा थेंब निघेपर्यंत, दोन्ही मुठी आवळून. माझी चाहूल लागली तसं त्यांनी फडकं टाकलं आणि बोटं वाकडी केली.

माझ्यासाठी त्या खोटं बोलत होत्या. त्याचा मला राग आला. बऱ्या होऊन वर चांगल्याही राहायचं, दोन्ही त्यांनाच का मिळावं?

त्याच आठवड्यात मी ते केलं. संध्याकाळी पाचची वेळ, काकू चालायला गेलेल्या. फ्रीजमधून पेन काढलं. चार महिने बघून बघून सगळं पाठ होतं. नवी सुई लावली, आकडा फिरवला, पोटाला टोचली. मी मुळात काटकी, पोटाला धरायला चिमूट सापडेना. सुई बरणीत टाकली. झाकणावर माझंच अक्षर होतं.

मला वाटलं होतं, सकाळी सुपारी तरी येईल. सकाळी उलट्या आल्या. तीन दिवस पोटात पाणी टिकेना. काकूंनी मला स्वतःच्या खाटेवर झोपवलं. "काय खाल्लंस?" "कालचं वांगं." "व्हय, वांगंच असंल," त्या म्हणाल्या. आल्याचा तुकडा मीठ लावून चोखायला दिला, चमच्या-चमच्यानं पाणी दिलं, भाताची पेज गार करून दिली. पहिल्या महिन्यात त्यांना स्वतःला मळमळायचं तेव्हा सुजाताताईनं जे जे सांगितलं होतं, ते सगळं तसंच त्या मला देत होत्या. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी डोळे मिटून पडून राहिले. वांग्यानं बाधलेल्या माणसाला ओवा देतात.

पेन संपायच्या आधीच संपलं. त्या गुरुवारी काकूंनी आकडा फिरवला तर फिरेना. खाणावळ भरलेली. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "बघा ही कंपनीची मापं. चार म्हनून तीनच भरत्यात." उंब्रज म्हणाला, "तक्रार करा काकू." "कशाला? कुनाचं तरी पोट भरलं असंल त्यात." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

दुसरं पेन यायला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत सुई चुकली म्हणून असेल किंवा आभाळ आलं म्हणून असेल, काकूंचे हात पुन्हा आखडले. सकाळी मी विचारलं, "काकू, आज काय?" इतके दिवस विचारायच्या त्या. त्या दिवशी मी विचारलं, कारण मला ते ऐकायचं होतं.

"सुपारी," त्या म्हणाल्या. "बरं हाय गं."

आणि गॅसचं बटण त्यांना फिरवता येईना. एका हातानं नाही, दोन्ही हातांनी नाही. पाठमोऱ्या उभ्या राहून तळहाताची टाच लावून त्यांनी ते फिरवायचा प्रयत्न केला, म्हणजे मला दिसू नये.

मी जाऊन गॅस लावला. म्हटलं, "काकू, ते पेन..."

"मीठ बघ आमटीचं."

"आवं काकू, ऐका तरी. ते पेन मी..."

"आमटीत मीठ घातलंस का न्हाई, ते सांग. बाकीचं मला दिसतंय." मग थोड्या वेळानं, मसूर निवडता निवडता, "सुया मोजून ठिवती सुजाता. एक कमी हुती. मी तिला म्हनलं, खाली पडली."

नवं पेन आल्यावर दुसऱ्याच सोमवारी त्यांनी मला मिरजेला नेलं. खाणावळीच्या दारावर पाटी मलाच लिहायला लावली. 'आज बंद.' एसटीत खिडकीशी मला बसवलं. उंब्रज आलं तेव्हा म्हणाल्या, "बघ, ह्याचं गाव केवढं मोठं हाय आनि हा केवढा." आष्टा आलं तेव्हा गाव संपेपर्यंत नुसत्या बघत राहिल्या.

डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून दाबली, रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. आमटीवाला वात म्हणाले, निदान आम्हा दोघींना तसं ऐकू आलं. संधिवाताचाच एक प्रकार, पण काकूंचा वेगळा आणि माझा वेगळा.

"आमटी काय त्यात?" काकू म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "आमवात, काकू. आमवात."

मग काकूंनी विचारलं, "हिला बी माझंच पेन दिलं तर? माझ्यातलं निम्मं हिला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, त्यांचं लिहायचं. म्हणाले, असं वाटून घ्यायचं औषध नाही ते, भलतंच काही होईल. तुमचं वजन उतरलं, सांध्यावरचा भार कमी झाला. आतली सूजही त्या औषधानं थोडी शांत होत असावी असं दिसतं, पण किती, ते अजून नक्की सांगता येत नाही. हिच्या अंगावर उतरवायला आहे काय? हिला वेगळी गोळी, आठवड्यातून एकदाच, आणि मधून मधून रक्त तपासायचं. फार आधी आणायला हवं होतं.

"वाटून घेत न्हाई आमी," काकू म्हणाल्या. "विचारलं आपलं."

माझ्या गोळीचा वारही त्यांनी गुरुवारच ठरवला. गुण यायला वेळ लागला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा सुपारी आली. काकूंनी त्या दिवशी गोड केलं आणि स्वतः अर्धी वाटी खाऊन साकु म्हणाल्या. हेवा मात्र गेला नाही. त्यांची पावलं जिन्यावर भराभर वाजली की अजून टोचायचं. मी तो हेवा गोळीबरोबर गिळायला शिकले, एवढंच.

गेल्या वर्षी सुजाताताईला बाळ झालं आणि काकूंनी खाणावळ बंद करून पुण्याला जायचं ठरवलं. जाण्याआधी मला इथल्या मुलींच्या वसतिगृहात घेऊन आल्या. मेसच्या मॅडमना म्हणाल्या, "हिचे हात सकाळी उशिरा उठत्यात, पन जीभ लवकर उठती. भाकरीला दुसरी बाई बघा. हिला मीठ बघायला ठिवा." मॅडमनी ठेवलं. मी अजून तिथंच आहे.

स्टँडवर सोडायला आम्ही चौघं-पाचजण गेलो होतो. उंब्रजानं पिशव्या चढवल्या. काकू कुणाचा हात न धरता पायऱ्या चढल्या, थोरली आणि धाकटी दोघीही गुण्यागोविंदानं. खिडकीशी बसल्या. गाडी सुरू झाल्यावर आवाज ऐकू जाईना, तेव्हा त्यांनी काचेशी हात धरला, मूठ मिटली आणि भुवया उडवल्या. आज काय?

त्यांच्या मुठीत लिंबाएवढी जागा होती. त्याच हातानं सकाळी त्यांनी तुपाच्या डब्याचं घट्ट झाकण उघडलेलं मी बघितलं होतं.

माझी त्या दिवशी सुपारी होती, तीही बारीक. मी मूठ वर केली आणि बोटं थोडी सैल सोडली. गाडी वळेपर्यंत दोघींनी आपापलं लिंबू धरून ठेवलं.